सोन्याच्या भावाची धूळ

हतनूर धरणाचा उपयुक्त साठा २५५ दशलक्ष घनमीटर आहे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतली माणसं एवढ्याच घनफळाची हवा चार दिवसांच्या आत छातीत ओढून घेतात. गिरणा धरण हतनूरच्या दुपटीहून मोठं, ५२३ दशलक्ष घनमीटरचं. त्याच्याएवढ्या हवेला आठ दिवस पुरे होतात. यात अतिशयोक्ती नाही, साधा गुणाकार आहे. मोठं माणूस दिवसाकाठी साधारण ११ हजार लिटर, म्हणजे ११ घनमीटर हवा आत घेतं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख २९ हजार ९१७ होती, धुळ्याची २० लाख ५० हजार ८६२. दोन्ही मिळून ६२ लाख ८० हजार. लहान मुलं मोठ्यांपेक्षा कमी हवा घेतात, पण २०११ नंतर माणसंही वाढली. या दोन गोष्टी एकमेकींत जिरवून टाकल्या, तर रोजची हवा भरते सुमारे ६ कोटी ९० लाख घनमीटर. वजनात सांगायचं तर माणशी बारा-तेरा किलो. दिवसभरात पोटात जाणाऱ्या अन्नपाण्याच्या तिप्पट तरी. धान्य आपण निवडून घेतो, पाणी गाळून घेतो. हवा येईल तशी घ्यावी लागते.

आता या हवेतली धूळ तोलून बघू. हवेतल्या २.५ मायक्रॉनहून बारीक कणांसाठी भारतात २००९ सालापासून मर्यादा आहे : वर्षाची सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. कायद्याने चालेल अशा या हवेतून एका माणसाच्या छातीत दिवसाला अर्धा मिलिग्रॅमही धूळ जात नाही. वर्षाची होते ०.१६ ग्रॅम, चिमटीत धरली तरी जाणवणार नाही इतकी. दोन्ही जिल्ह्यांच्या ६२ लाख ८० हजार माणसांची वर्षभराची सगळी धूळ एकत्र केली तर ती भरते एक टन. चाळीसगावपासून चोपड्यापर्यंत आणि साक्रीपासून रावेरपर्यंत अख्ख्या मुलखाने वर्षभर श्वासावाटे घेतलेली धूळ एका पिकअप गाडीत मावेल.

एवढ्याशा धुळीची किंमत किती, हे मांडताना डोकं गरगरतं.

भारतातल्या राज्यांचा आजारभार मोजणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गटाने डिसेंबर २०२० मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात एक हिशेब प्रसिद्ध केला. २०१९ या एका वर्षात हवेच्या प्रदूषणामुळे देशात १६ लाख ७० हजार माणसं मुदतीआधी गेली. त्या वर्षी झालेल्या एकूण मृत्यूंपैकी ते १७.८ टक्के होते. या मृत्यूंमुळे आणि आजारपणामुळे बुडालेलं उत्पादन ३,६८० कोटी डॉलर, म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये. देशाच्या एकूण उत्पन्नाचे १.३६ टक्के. त्या वर्षीच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अंदाजपत्रकाशी ताडून पाहा : ते होतं सुमारे ६५ हजार कोटींचं. देशाने आरोग्यासाठी जेवढे रुपये काढून ठेवले, त्याच्या चौपट रुपये खराब हवेत गेले.

ही रक्कम १३७ कोटी माणसांत वाटली तर माणशी १,९०० रुपये येतात. पाच माणसांच्या घराला साडेनऊ हजार. जळगाव-धुळ्याच्या वाट्याला या सरासरीने सुमारे १,२०० कोटी येतात. दिवसाला सव्वातीन कोटी, तासाला साडेतेरा लाख.

१,२०० कोटी म्हणजे किती, ते आपल्या मापात सांगतो. जळगाव जिल्ह्यात कापसाचा पेरा पाच लाख हेक्टरांच्या घरात असतो, म्हणजे साडेबारा लाख एकर. एकरी चार क्विंटल धरले तर पन्नास लाख क्विंटल कापूस होतो. २०१९-२० मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ५,५५० रुपये. त्या भावाने १,२०० कोटींचा कापूस साडेएकवीस लाख क्विंटल होतो. दरवर्षी जिल्ह्याच्या शंभर बोंडांतली त्रेचाळीस बोंडं कुणी उचलून न्यावीत, एवढं हे नुकसान आहे. बोंडअळीने याच्या निम्मी हानी केली तर पंचनामे होतात, मोर्चे निघतात, विधानसभेत प्रश्न विचारला जातो.

जळगावची ओळख सोन्याची, म्हणून एक हिशेब तोळ्याचाही करतो. २०१९ साली भारतीय माणसाच्या वाट्याला आलेल्या हवेत सूक्ष्म कणांची सरासरी घनमीटरला ८३ मायक्रोग्रॅम होती. त्या वर्षी जगातली ती सगळ्यात वाईट. अशा हवेतून एका माणसाच्या छातीत वर्षाला एक-तृतीयांश ग्रॅम धूळ जाते. प्रदूषणाच्या मृत्यूंपैकी बाहेरच्या हवेतल्या कणांचा वाटा ९ लाख ८० हजार मृत्यूंचा, म्हणजे शंभरातले ५९. त्याच प्रमाणात १,९०० पैकी सुमारे १,१०० रुपये बाहेरच्या धुळीच्या खात्यावर टाकले, तर एक ग्रॅम धुळीने केलेलं नुकसान होतं ३,३०० रुपयांच्या आसपास. २०१९ साली सोन्याचा भाव ग्रॅमला ३,२०० ते ३,९०० च्या दरम्यान फिरत होता. सराफ बाजारात काट्याच्या एका पारड्यात सोनं ठेवावं आणि दुसऱ्यात माणसांच्या फुफ्फुसांत गेलेली धूळ, तर तोळ्याला तोळा जवळपास एकच भाव निघेल. सोनं अडीअडचणीला मोडता येतं. या तोळ्याचे पैसे आपण नुसते भरत राहतो.

इतक्या थोड्या धुळीने इतकी हानी कशी होते, असं कुणालाही वाटेल. मोठी धूळ नाकात, घशात अडकते आणि शेंबडा-बेडक्यातून बाहेर पडते. २.५ मायक्रॉनखालचे कण फुफ्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोचतात. त्यांतले अगदी बारीक पुढे रक्तात उतरतात. तिथे ते रक्तवाहिन्यांना आतून सूज आणतात, रक्त घट्ट करतात. म्हणून प्रदूषणाच्या आजारांपैकी सुमारे ४० टक्केच फुफ्फुसाचे आहेत. बाकीचे ६० टक्के हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू. घरातला कर्ता बावन्नाव्या वर्षी झटका येऊन जातो, दाखल्यावर हृदयविकार लिहिला जातो, आणि तो खरोखर हृदयविकारच असतो. त्या झटक्याला वीस वर्षांच्या हवेने किती हातभार लावला, हे लिहायला दाखल्यावर रकाना नाही. म्हणूनच हे नुकसान हजारो घरांत होऊनही एकाही घराला आपलं हवेमुळे नुकसान झालं असं वाटत नाही.

आणि २ लाख ६० हजार कोटींचा आकडा अजून हात राखूनच काढलेला आहे. माणूस गेल्याने किंवा अंथरुणाला खिळल्याने जे उत्पादन बुडालं, त्याचाच तो हिशेब. जागतिक बँकेने २०१६ साली एकाच वर्षासाठी दोन पद्धतींनी आकडे काढले. २०१३ साली भारतात हवेमुळे गेलेल्या माणसांची फक्त बुडालेली कमाई मोजली, तर ती देशाच्या उत्पन्नाच्या ०.८४ टक्के भरली. मग दुसऱ्या पद्धतीत लोक आपला जीव वाचवण्यासाठी किती किंमत मोजायला तयार असतात ते धरलं, तर तेच नुकसान ७.७ टक्क्यांवर गेलं. मृत्यू तेच, वर्ष तेच, देश तोच. फरक नऊपट. पहिल्या पद्धतीत सत्तरीतल्या आजीच्या जिवाची किंमत जवळपास शून्य येते, कारण तिला पगार नाही. नातवंडं सांभाळणारी, पापड-कुरडया घालणारी, सून कापूस वेचायला गेली की घर उघडं ठेवणारी ही बाई अर्थशास्त्राच्या त्या तक्त्यात कुठेच बसत नाही. माझ्या मते खरा आकडा दुसऱ्या टोकाच्या जास्त जवळ आहे. पण पुढचे सगळे हिशेब मी लहान आकडा धरूनच करणार आहे. तोच पुरेसा भयंकर आहे.

लॅन्सेटमधल्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट खान्देशातल्या माणसाने नीट वाचावी अशी आहे. राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत नुकसान ०.६७ टक्क्यांपासून २.१५ टक्क्यांपर्यंत बदलतं, आणि सगळ्यात जास्त झळ उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड या कमी उत्पन्नाच्या राज्यांना बसते. गरिबाच्या ताटातला घास मोठा जातो. राज्यांना जे लागू आहे तेच घरांनाही आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत दवाखान्यात भरती होण्याचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आला आणि खासगीत ३१,८४५. रोजंदारीवर तीनशे रुपये कमावणाऱ्याला एका खासगी भरतीसाठी १०६ दिवसांची मजुरी मोजावी लागते. डिसेंबर-जानेवारीत लेकराला खोकला झाला, धाप लागली, की आई कामावर जात नाही, तिचा रोज बुडतो. दोन दिवसांनी बाप जात नाही. तिसऱ्या दिवशी वाहनभाडं, तपासण्या, वाफ द्यायचं यंत्र. ‘डालबर्ग’ या संस्थेने २०२१ साली केलेल्या हिशेबात अशा आजारपणामुळे देशात वर्षाला १३० कोटी कामाचे दिवस बुडतात. लोकसंख्येच्या मानाने जळगाव-धुळ्याच्या वाट्याला सुमारे ६० लाख दिवस येतात. त्या संस्थेच्या मते भारतीय व्यवसायांचं एकूण नुकसान वर्षाला ७ लाख कोटींचं आहे, म्हणजे लॅन्सेटमधल्या आकड्याच्या पावणेतीन पट. त्यात ग्राहक घराबाहेर न पडल्याने दुकानांचा बुडालेला धंदाही धरला आहे.

हे सगळं येतं कुठून? खान्देशापुरतं बोलायचं तर चार ठिकाणांहून, आणि चारही ठिकाणं प्रत्येकाला माहीत आहेत.

पहिलं भुसावळजवळचं दीपनगर. तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॅटचा एक आणि ५०० मेगावॅटचे दोन संच मिळून १,२१० मेगावॅट होतात. ६६० मेगावॅटचा सहावा संच वेगळा. हे तीन संच पूर्ण भाराने चोवीस तास चालले तर २ कोटी ९० लाख युनिट वीज तयार होते. एका युनिटला सुमारे ७०० ग्रॅम कोळसा, म्हणजे दिवसाला २० हजार टन. मालगाडीच्या एका रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो; रोज पाच गाड्या रिकाम्या कराव्या लागतात. आपल्या देशी कोळशात ३० ते ४५ टक्के राख. ३५ टक्के धरली तरी दिवसाला सात हजार टन राख मागे उरते. ही राख पाण्यात कालवून वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात सोडतात. उन्हाळ्यात बंधाऱ्याचा वरचा थर सुकला, वारा सुटला, की आजूबाजूच्या शेतांवर काय येऊन पडतं, हे तिथल्या केळीची पानं सांगतात. पानावरून बोट फिरवलं तर हिरवी रेघ उमटते.

धुराड्यातून जाणारी राख अडवायला विद्युत गाळण्या असतात आणि त्या शंभरातले नव्याण्णवहून जास्त भाग अडवतात. तरीही गुणाकार केला पाहिजे. एक किलो कोळसा जाळला की पाच-सहा घनमीटर धूर होतो. २००४ ते २०१६ दरम्यान बसवलेल्या संचांना घनमीटरला ५० मिलिग्रॅम धुळीची परवानगी आहे. हे माप सगळ्यांनाच लावलं आणि ते तंतोतंत पाळलं, तरी २० हजार टन कोळशामागे रोज पाच-सहा टन धूळ धुराड्यातून बाहेर पडते. दोन जिल्ह्यांच्या छातीत वर्षभरात जाणारी धूळ एक ते दोन टन, हे आठवा. धुराडं पावणेतीनशे मीटर उंच असल्यामुळे बाकीची विरळ होऊन दूर जाते, पण जाते ती कुणाच्या तरी श्वासाकडेच.

धुळीहून न दिसणारा भाग मोठा आहे. देशी कोळशात गंधक कमी असतं, अर्धा टक्क्याच्या आसपास. ०.४ टक्के धरलं तरी २० हजार टनांतून रोज १६० टन सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. तो हवेत जाऊन काही तासांत, काही दिवसांत सल्फेटचे सूक्ष्म कण बनतो आणि शेकडो किलोमीटर फिरतो. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशातल्या सगळ्या औष्णिक केंद्रांना हा वायू दोन वर्षांत आवरायला सांगितलं. मुदती वाढत गेल्या. जुलै २०२५ मध्ये तर बहुतेक केंद्रांना ती अट माफच झाली : दहा लाखांहून मोठं शहर, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा हवेच्या मानकांत नापास झालेलं शहर दहा किलोमीटरच्या आत असेल, तेवढ्यांचाच विचार होणार. जळगाव नापास शहरांच्या यादीत आहे, पण दीपनगरपासून तीसेक किलोमीटरवर. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचं लांबट खोरं. हिवाळ्यात थंड हवा या खोऱ्यात तळाला बसते आणि जे काही सोडाल ते दिवसेंदिवस तिथेच घुटमळतं. दहा किलोमीटरची रेघ आखताना या भूगोलाचा विचार व्हायला हवा होता.

दुसरं ठिकाण रस्ते. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्ग एकमेकांना छेदतात, सोलापूरकडचाही तिथूनच फुटतो. फागणे ते तरसोद चौपदरीकरण किती वर्षं रेंगाळलं आणि छत्रपती संभाजीनगर-जळगाव रस्त्याने किती हिवाळे धूळ उडवली, हे त्या रस्त्यालगत टपरी चालवणाऱ्याला विचारावं. जळगाव शहरात अमृत योजनेच्या जलवाहिन्यांसाठी गल्ल्या उकरल्या गेल्या, त्या वर्षांत घराघरांत दिवसातून दोनदा फडकं मारावं लागत होतं. डोळ्यांना दिसणारी ही धूळ बहुतांशी जाड असते, पण ट्रकची चाकं तिला रोज दळत असतात आणि त्यात डिझेलचा धूर मिसळत असतो.

तिसरं ठिकाण चूल. अमेरिकी शास्त्रज्ञ कर्क स्मिथ यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मापकं लावून चुलीचा धूर मोजला. स्वयंपाकघरात पेटलेली चूल म्हणजे तासाला चारशे सिगारेटी जाळण्यासारखं, असं ते सांगत. घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा माणसाच्या छातीत पोचण्याची शक्यता सुमारे हजारपट, हे त्यांचं गणित फार मोलाचं आहे. कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्यांवर भाकरी टाकणाऱ्या बाईभोवती घनमीटरला सहाशे मायक्रोग्रॅम धूर धरा. चुलीपुढच्या तीन तासांत तिच्या छातीत जेवढी धूळ जाते, तेवढी बाहेरच्या वाईट हवेतही चोवीस तासांत जाते. २०१९ च्या मृत्यूंपैकी ६ लाख १० हजार घरातल्या धुराचे होते. एक गोष्ट मात्र मनापासून बरं वाटण्यासारखी : १९९० ते २०१९ दरम्यान घरातल्या धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी उतरला. बाहेरच्या कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर त्याच काळात ११५ टक्क्यांनी वाढला. गॅस घरात आला आणि धूर दाराबाहेर उभा राहिला.

चौथं ठिकाण शेत, आणि याबद्दल शेतकऱ्याला दोष देणं मला मान्य नाही. कापसाच्या एका हेक्टरात दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. जळगावच्या पाच लाख हेक्टरांची झाली दहा ते पंधरा लाख टन. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडायचा तर फरदड, म्हणजे वेचणीनंतरही राखलेलं पीक, घेऊ नका, डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळं करा, पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी विभाग सांगतो आणि ते बरोबरच आहे. चिमट्याने एकेक पऱ्हाटी उपटायची, मोळ्या बांधायच्या, वाहून न्यायच्या, यासाठी मजूर मिळत नाही आणि मिळाला तर मजुरी परवडत नाही. मग ढीग करून काडी लावली जाते. जिल्ह्यातली फक्त तीन लाख टन पऱ्हाटी अशी शेतात जळते असं धरा. टनामागे सहा किलो सूक्ष्म धूळ या प्रमाणाने दोन महिन्यांत १,८०० टन धूळ तापीच्या खोऱ्यात सुटते, तीही नेमकी थंडीच्या, हवा न हलण्याच्या दिवसांत.

शिवाय ही हवा पिकालाही लागते. गाड्यांचा आणि धुराड्यांचा धूर उन्हात तापला की जमिनीलगत ओझोन वायू तयार होतो, आणि तो पानं आतून जाळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं की २००५ मध्ये ओझोनमुळे देशात गहू-तांदळाचं ५६ लाख टन नुकसान झालं. दारिद्र्यरेषेखालच्या सुमारे ९ कोटी ४० लाख माणसांना पुरेल एवढं हे धान्य. कापसाची घट सुमारे पाच टक्के होती. जळगावच्या पन्नास लाख क्विंटलांना ही पाच टक्क्यांची घट लावली तर अडीच लाख क्विंटल कापूस बोंडात येण्याआधीच जातो. ५,५५० च्या भावाने १३९ कोटी. हे १,२०० कोटींत धरलेले नाहीत, त्याशिवायचे आहेत.

जळगावात बी. जे. मार्केट, गिरणा पाण्याची टाकी आणि एमआयडीसी इथे हवा मोजली जाते. या मोजणीचं यंत्र पाहण्यासारखं असतं. पत्र्याच्या पेटीत पंप, वर टोपी, आत काचतंतूचा पांढरा कागद. पंप मिनिटाला घनमीटरभर हवा ओढतो. चोवीस तासांत दीड हजार घनमीटर. माणसाला एवढी हवा घ्यायला साडेचार महिने लागतात. लावण्याआधी कागद तोलतात, काढल्यावर पुन्हा तोलतात. पांढरा कागद राखाडी झालेला असतो आणि वजन वाढलेलं असतं ग्रॅमच्या सातव्या-आठव्या भागाने. राष्ट्रीय मोजणीच्या नियमाप्रमाणे हे आठवड्यातून दोनदा, वर्षातून किमान १०४ दिवस करायचं असतं. उरलेल्या २६१ दिवसांची हवा वर्षानुवर्षं कुणी न तोलता गेली. आता जळगावात प्रभात चौकात आणि धुळ्यात देवपुरात स्वयंचलित केंद्रं आली आहेत. ही सुधारणा मोठी आहे, पण ६२ लाख माणसांसाठी अशी केंद्रं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच.

मोजणीचा पैशाशी थेट संबंध आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा सलग पाच वर्षं मानकांत न बसलेली शहरं निवडली गेली. पुढे ती १३१ झाली. जळगाव त्यात आहे, धुळे नाही. या शहरांसाठी सात वर्षांत मिळून सुमारे १९,६०० कोटी ठरले, वर्षाला २,८०० कोटी. नुकसान वर्षाला २ लाख ६० हजार कोटी. शंभर रुपये गळतात तिथे बूच लावायला एक रुपया. आणि तो रुपया गेला कुठे? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०२४ साली हिशेब तपासला, तर खर्चापैकी ६४ टक्के रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता : रस्ते दुरुस्त करणं, पाणी मारणं, झाडू मारणारी यंत्रं. काडीकचरा आणि इतर जैव इंधन जाळण्यावर साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा टक्के, उद्योगांवर एक टक्काही नाही. जळगावचे रस्ते दुरुस्त व्हायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण जिवाला खाणारी धूळ झाडूने गोळा होत नाही.

हा पैसा परत येतो का, या प्रश्नाचं उत्तर जगाने देऊन ठेवलं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९९० च्या स्वच्छ हवा कायदादुरुस्तीचा तीस वर्षांचा ताळेबंद मांडला तेव्हा २०२० पर्यंतचा वर्षाचा खर्च ६,५०० कोटी डॉलर निघाला आणि लाभ सुमारे २ लाख कोटी डॉलर. एकाला तीस. चीनने २०१३ साली कंबर कसली आणि आठ वर्षांत सूक्ष्म कण ४० टक्क्यांहून जास्त खाली आणले, तेही कारखाने चालू ठेवून.

खान्देशात कुठून सुरुवात करावी, असं मला विचाराल तर मी पऱ्हाटी आणि दीपनगर एकत्र बघेन. औष्णिक केंद्रांनी कोळशात पाच टक्के जैव इंधनाच्या कांड्या मिसळाव्यात, असं केंद्राने २०२१ च्या धोरणात ठरवलं. दिवसाच्या २० हजार टनांचे पाच टक्के म्हणजे हजार टन. वर्षाचे ३ लाख ६५ हजार टन. शेतात जळते असं आपण धरलेली सगळी पऱ्हाटी त्यात संपते आणि वर जागा उरते. तीच पऱ्हाटी उघड्यावर जळण्याऐवजी भट्टीत जळाली तर तिच्या राखेवर निदान विद्युत गाळणी असते. शेतकऱ्याला बांधावर टनामागे हजार रुपये दिले तरी होतात साडेछत्तीस कोटी. दोन जिल्ह्यांच्या १,२०० कोटींच्या वार्षिक नुकसानीचा हा अकरा-बारा दिवसांचा वाटा.

त्यासाठी नवीन शोध लावायची गरज नाही. पऱ्हाटी उपटून जागेवर कुट्टी करणारी ट्रॅक्टरची यंत्रं बाजारात आहेत, ती गावच्या शेतकरी कंपनीकडे भाड्याने मिळायला हवीत. जामनेर, चोपडा, अमळनेर, शिंदखेडा, शिरपूर या तालुक्यांच्या जिनिंगमध्ये मोठी आवारं आणि वजनकाटे आहेत. हंगाम ओसरला की तिथेच कुट्टी गोळा करता येईल आणि कांड्या पाडता येतील. पऱ्हाटी जानेवारीत उपटली जाते, म्हणून तिचा खरेदीभाव आणि केंद्रांची यादी नोव्हेंबरात, कापसाची पहिली वेचणी चालू असतानाच, गावागावात लागलेली हवी.